काउबॉय ॲक्शन शूटिंग : मराठी मंडळींकडून नेहमी येणारे प्रश्न

फिनिक्सच्या मराठी मंडळात मी या खेळाचं नाव काढलं की हमखास चार-पाच जण भोवती जमतात. काहींना बंदुकांचं कुतूहल असतं, काहींना काळजी वाटते, आणि बहुतेकांना आपल्याला तिथे जाता येईल का एवढंच विचारायचं असतं. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. घाईत असाल आणि अमेरिकेत व्हिसावर राहत असाल, तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एच-१बीबद्दलचं उत्तर जरूर वाचा.

हा खेळ नेमका आहे तरी काय?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिमेकडे ज्या बनावटीच्या बंदुका वापरात होत्या, त्याच किंवा त्यांच्या आजच्या प्रतिकृती घेऊन घड्याळाच्या विरुद्ध खेळायची नेमबाजी. समोर पोलादी पाट्या असतात. कुठल्या क्रमाने, कुठून आणि कोणत्या बंदुकीने मारायचं ते आधी सांगितलेलं असतं. गोळी लागली की टण्णकन आवाज येतो, त्यामुळे नेम लागला का हे कुणाला विचारावं लागत नाही. सगळ्यात कमी वेळात, कमीत कमी चुका करून जो संपवेल तो जिंकला. माणसासमोर माणूस उभा राहत नाही. एका वेळी एकच नेमबाज मारतो, बाकीचे सगळे त्याच्या मागे असतात.

याची सुरुवात कुठे झाली?

दक्षिण कॅलिफोर्नियात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही मित्रांना तेव्हाच्या आधुनिक पिस्तूल-स्पर्धांऐवजी जुन्या बंदुका घेऊन काहीतरी करावंसं वाटलं. त्यातून १९८२ साली कोटो दे काझा इथे ‘एंड ऑफ ट्रेल’ ही पहिली मोठी स्पर्धा झाली. १९८७ मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली. सगळे तिला ‘सास’ म्हणतात. ‘एंड ऑफ ट्रेल’ पुढे नॉर्कोला आणि नंतर बरीच वर्षं न्यू मेक्सिकोतल्या एजवूडजवळच्या फाउंडर्स रँचवर भरत असे. आमच्या फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंज आहे. तिथे ‘विंटर रेंज’ ही राष्ट्रीय स्पर्धा भरते. ॲरिझोनात फेब्रुवारीची हवा अशी सुखाची असते, की फक्त बघायला जायचं असेल तरी तेव्हाच जावं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनी, इटली, चेक प्रजासत्ताक अशा देशांतही क्लब आहेत. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्याने काडतुसाच्या बहुतेक हँडगनवर बंदी आली, त्यामुळे तिथले खेळाडू मुख्यतः रायफल, दुनळी आणि ठासणीच्या रिव्हॉल्व्हरवर खेळतात.

एका माणसाला चार बंदुका कशाला?

पूर्ण संच असा असतो : दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक छर्ऱ्याची बंदूक.

रिव्हॉल्व्हरचा मूळ नमुना म्हणजे अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेलं कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी. ‘सिंगल ॲक्शन’चा अर्थ असा, की घोडा, म्हणजे हॅमर, दर गोळीला अंगठ्याने मागे ओढायचा. चाप फक्त तो सोडण्याचं एकच काम करतो.

रायफलही बहुतेकांच्या हातात त्याच सालची, १८७३ च्या विंचेस्टरची प्रतिकृती असते. खालची लिव्हर पुढे लोटली की रिकामं टरफल बाहेर उडतं, मागे ओढली की नवं काडतूस आत जातं. तिने ४४-४० हे काडतूस आणलं आणि थोड्याच वर्षांत कोल्टनेही त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. कमरेच्या पट्ट्यात एकच काडतूस ठेवायचं आणि दोन्ही बंदुकांत वापरायचं, ही त्या काळी फार मोठी सोय होती. आज बरेच जण ‘४५ कोल्ट’ या काडतुसाची रायफल घेतात. १९ व्या शतकात विंचेस्टरने तशी केलीच नव्हती, ती आजच्या कारखान्यांची देणगी आहे.

छर्ऱ्याची बंदूक म्हणजे आपली दुनळी. टरफलं आपोआप बाहेर फेकणारी चालत नाही, ती हातानेच काढायची. दुनळीऐवजी बाहेर घोडा असलेली १८९७ ची पंप-विंचेस्टर किंवा १८८७ ची लिव्हरची शॉटगनही चालते. या दोन्ही जॉन ब्राउनिंगच्या रचना.

अस्सल जुन्या बंदुका आता संग्रहातच शोभतात. खेळात दिसतात त्यातल्या पुष्कळशा इटलीतल्या उबेर्तीच्या प्रतिकृती असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये रुगरचं व्हाकेरो फार लोकप्रिय आहे.

सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या का भरता?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण या खेळाचे नियम कुठून आले ते इथे कळतं.

जुन्या कोल्टमध्ये घोड्याच्या टोकालाच टाचणीसारखा भाग असतो. घोडा खाली असताना ती टाचणी थेट समोरच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या भागावर, टेकते. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर पडलं, किंवा खोगीर बांधताना रिकीब सुटून हॅमरवर आपटली, तर चापाला हात न लावता गोळी सुटते. म्हणून शहाणी माणसं तेव्हाही घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. आजच्या व्हाकेरोमध्ये मधे एक पट्टी असते, चाप ओढल्याशिवाय ती वर येत नाही आणि घोड्याचा मार टाचणीपर्यंत पोचत नाही. तरीही नियम सगळ्यांना सारखाच : पाच गोळ्या, घोडा रिकाम्या घरावर.

भरायची पद्धत आम्ही नवख्याला तोंडपाठ करायला लावतो : एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि सांभाळून खाली आणा. एवढं क्रमाने केलं की रिकामं घर बरोबर घोड्याखाली येतं. हे काम लोडिंग टेबलवर दुसऱ्या माणसाच्या देखत होतं, आणि घर रिकामं आहे हे तो डोळ्यांनी बघतो.

गोळ्या कुठल्या चालतात?

फक्त शिशाच्या. तांब्याचं वेष्टण असलेल्या अजिबात नाहीत. पाट्या जवळ असतात. शिसं पोलादावर आपटून चपटं होतं, पण वेष्टणाचे तुकडे मागे उडून येऊ शकतात. वेगालाही मर्यादा आहे : रिव्हॉल्व्हरची गोळी सेकंदाला १००० फुटांच्या आत, रायफलची १४०० च्या आत. छर्रेही शिशाचेच आणि बारीक, ४ नंबरपेक्षा मोठे नाहीत.

रायफलसाठी आणखी एक गोष्ट. नळीखालच्या लांब नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेलं असतं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने ती टोपी आतल्या आत उडू शकते. म्हणून गोळीचं नाक चपटं हवं. इथेही नियम बंदुकीच्या रचनेतूनच आला आहे.

एक फेरी कशी असते, जरा डोळ्यांसमोर उभी करा.

फेरीला ‘स्टेज’ म्हणतात आणि तिथे खरोखरच लाकडी देखावा उभा असतो : बँकेची खिडकी, सलूनचा दरवाजा, तुरुंगाचे गज. खेळाडूंच्या तुकडीला ‘पॉसी’ म्हणतात. आधी प्रमुख सगळ्यांना क्रम समजावून सांगतो.

समजा तुमची पाळी आहे. रायफलमध्ये १० गोळ्या भरून ती खिडकीच्या कठड्यावर आडवी ठेवलेली. दुनळी टेबलावर, उघडी आणि रिकामी. दोन्ही रिव्हॉल्व्हर कमरेला. मागे टायमरवाला उभा. तो तयार आहात का विचारतो, तुम्ही होकार देता, तो ‘स्टँड बाय’ म्हणतो आणि कानाशी टायमरचा बीप वाजतो.

रायफल उचलता. समोर तीन पाट्या, आणि क्रम ‘नेव्हाडा स्वीप’ : एक, दोन, तीन, दोन, एक, दोन, तीन… कडेच्या पाटीवर सलग दोनदा मारायचं नाही. ऐकायला बालवाडीतलं वाटतं, पण बीप वाजला की माणूस मोजणं विसरतो. दहावी गोळी झाली की रायफल उघडी ठेवून खाली ठेवायची. मग दुसऱ्या जागी जाऊन पहिलं रिव्हॉल्व्हर, पाच गोळ्या, परत होल्स्टरमध्ये. दुसरं, पुन्हा पाच. शेवटी दुनळी. ती आधी भरून ठेवता येत नाही; घड्याळ चालू असतानाच पट्ट्यातून दोन काडतुसं काढायची, भरायची, मारायची, टरफलं झटकायची, पुन्हा दोन. छर्ऱ्याच्या पाट्या पडतात. न पडलेली पुन्हा मारता येते. शेवटच्या आवाजाला टायमर थांबतो.

चोवीस आवाज. उत्तम खेळाडू हे वीस सेकंदांच्या आत करतात. नवख्याला मिनिट-दीड मिनिट लागतं आणि त्यात काही बिघडत नाही. मोठ्याने टाळ्या त्याच्यासाठीच वाजतात.

अंतरं फार नसतात : रिव्हॉल्व्हरच्या पाट्या ७ ते १० यार्डांवर, दुनळीच्या ८ ते १६ वर, रायफलच्या १३ पासून पुढे. पाटीही साधारण सोळा इंचांची. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे आमच्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्यात कांस्यपदक मिळवलं तो खेळ अगदी दुसऱ्या टोकाचा. तिथे श्वास रोखून एका बिंदूवर थांबायचं असतं, इथे हात, पाय, डोळे आणि डोकं एकाच वेळी चालवायचं असतं.

गुण आणि दंड कसे?

तुमचा वेळ हाच गुण, त्यात दंडाचे सेकंद मिळवायचे. पाटी चुकली तर ५ सेकंद. क्रम चुकला तर १०. सुरक्षेची किरकोळ चूक, उदाहरणार्थ रायफल ठेवताना आत टरफल राहून जाणं, तर १०. आणि कुणी मुद्दाम पळवाट काढली, मारायचं टाळून वेळ वाचवला, तर ३०. त्याला ‘स्पिरिट ऑफ द गेम’चा दंड म्हणतात.

चुकलेल्या पाट्या तीन जण मोजतात, तिघांपैकी दोघांचं एकमत हवं. शंका असेल तर फायदा नेमबाजाला मिळतो.

धोका किती?

बंदूक आहे म्हणजे धोका आहे. म्हणूनच इथली शिस्त मला कुठल्याही खेळापेक्षा कडक वाटते.

नळीचं तोंड नेहमी पाट्यांच्या दिशेला. डावी-उजवीकडे मिळून १७० अंशांची मर्यादा आहे. ती ओलांडली की ती फेरी बाद. भरलेली बंदूक हातातून पडली किंवा तिचं तोंड कुणाकडे वळलं, तर पूर्ण स्पर्धेतून बाहेर. रिकामी पडली तरी फेरी बाद, आणि ती स्वतः उचलायची नाही, अधिकारी उचलतो. घोडा चढवलेला आणि खाली जिवंत काडतूस असेल तर पाऊल हलवायचं नाही. त्यासाठी बास्केटबॉलचाच नियम लावतात, एक पाय रोवलेला हवा. पोटाजवळ आडवं होल्स्टर लावणाऱ्याला रिव्हॉल्व्हर काढताना कंबर वळवावी लागते, नाहीतर नळी शेजारच्यांवरून फिरेल. नवख्याने साधं, उजव्या-डाव्या मांडीवरचं होल्स्टर घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

फेरी संपली की अनलोडिंग टेबलवर प्रत्येक बंदूक दुसऱ्याला रिकामी दाखवायची. चष्मा प्रेक्षकांनाही सक्तीचा. कानांत बोळे किंवा वर मफ्स घालाच. लहान मुलं असतील तर दोन्ही.

पोशाख करावाच लागतो? आणि ती टोपणनावं?

हो, दोन्ही. पण सोपं आहे. पुरुषांना पूर्ण बाह्यांचा शर्ट, साधी पँट, चामडी बूट आणि जुन्या धाटणीची हॅट एवढ्यात भागतं. टी-शर्ट, बेसबॉल कॅप, खेळाचे बूट, कंपन्यांचे छापे चालत नाहीत. मंडळी पुढे पुढे त्यात रमतात, जाकीट, खिशातलं साखळीचं घड्याळ, बायका लांब झगे शिवून घेतात. बंदुका वाहायला लाकडी हातगाडी लागते, तीही बरेच जण घरी सुतारकाम करून बनवतात.

टोपणनाव नोंदवावं लागतं आणि ते जगात एकाचंच असतं. संस्थापकांपैकी एकाने टेक्ससमधल्या लँग्ट्रीचा सलूनवाला न्यायाधीश जज रॉय बीन याचं नाव घेतलं होतं. रेंजवर सगळे याच नावाने हाक मारतात. शेजारचा माणूस डॉक्टर आहे की ट्रकचालक, हे मला कित्येकदा वर्षभराने कळलं आहे.

त्या काळातल्या हिंसेचं हे कौतुक नव्हे का?

प्रश्न रास्त आहे. त्या प्रदेशाचा इतिहास मूळ रहिवाशांची जमीन हिसकावून घेण्याचाही आहे, आणि वेष घालताना ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे, खरा पश्चिम पडद्यावरच्यासारखा नव्हता. आमच्या ॲरिझोनातलंच टूम्बस्टोन घ्या. १८८१ मध्ये तिथे गावात शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती, आणि त्या वर्षी २६ ऑक्टोबरला ओ.के. कोरलजवळ झालेल्या चकमकीत ती बंदी मोडणं हे एक कारण होतं. अर्ध्या मिनिटात सुमारे तीस गोळ्या सुटल्या आणि तीन माणसं गेली. आमच्या एका फेरीत जवळपास तेवढ्याच गोळ्या तेवढ्याच वेळात सुटतात. टूम्बस्टोनला जाऊन आल्यापासून मी लोडिंग टेबलवर जास्त गप्प असतो.

वय झालंय, किंवा ताकद कमी आहे. जमेल?

जमेल. वयोगट भरपूर आहेत : १३ पर्यंतच्या मुलांचा बकरू, मग यंग गन, पुढे ३६, ४९, ६०, ६५, ७०, ७५ आणि त्याहून वरचे. स्त्रियांचे वेगळे. हलक्या ३८ स्पेशल काडतुसाचा धक्का फारसा जाणवत नाही.

याशिवाय शैलीचे गट आहेत. ‘ड्युएलिस्ट’ एका हाताने मारतो, दुसऱ्याचा आधार नाही. ‘गनफायटर’ दोन्ही हातांत एकेक रिव्हॉल्व्हर घेऊन आळीपाळीने मारतो. पाहायला देखणं, करायला फार कठीण. आणि ‘फ्रंटियर’चे गट काळ्या दारूचे. त्यातल्या ‘फ्रंटियर्समन’ गटात रिव्हॉल्व्हरला काडतूसच नसतं. घराघरात दारू ओतायची, गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. कोकणात ज्यांच्या घरी शेताच्या राखणीला ठासणीची बंदूक होती, त्यांना हे लगेच उमगेल. तीच गोष्ट, फक्त सहा घरांची. पहिल्याच बाराला असा पांढरा धूर पसरतो की दुसरी पाटी दिसत नाही, अंदाजाने मारावं लागतं. गंधकाचा वास दिवाळीची आठवण करून देतो. मात्र घरी गेल्यावर त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने बंदूक धुवा. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल धरते आणि रात्रीतून गंज चढतो.

सुरुवातीला काय विकत घेऊ?

चष्मा, कानांचं संरक्षण आणि बूट. बस्स.

आधी एक स्पर्धा नुसती बघा. मग क्लबला सांगा की करून बघायचं आहे. चारही बंदुका उसन्या देणारे इतके जण पुढे येतात की संकोच वाटतो. तीन-चारदा वेगवेगळ्या हाताळल्यावर स्वतःला काय मानवतं ते कळतं. पहिल्याच महिन्यात दुकानात जाऊन सगळं घेणारे आणि वर्षभरात निम्मं विकणारे मी पाहिले आहेत. खर्चाचा खरा भाग बंदुका नसून काडतुसं आहेत. सहा फेऱ्यांच्या एका दिवसात रिव्हॉल्व्हरची ६०, रायफलची ६० आणि छर्ऱ्याची किमान २४ लागतात. म्हणून जुने खेळाडू टरफलं जमवून घरीच पुन्हा भरतात.

मी एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर आहे. खेळू शकतो का?

थांबा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अस्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीने बंदूक किंवा दारूगोळा बाळगणं गुन्हा आहे. रेंजवर मित्राची बंदूक दोन मिनिटं हातात घेणं हेही बाळगणंच धरलं जाऊ शकतं. रेंजवाल्याने विचारलं नाही, मित्र ‘चालतं रे’ म्हणाला, याने कायदा बदलत नाही. कायद्यात काही अपवाद आहेत. सगळ्यात परिचित म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना. पण तो आपल्याला लागू पडतो का आणि राज्याचा वेगळा कायदा काय म्हणतो, हे वकिलाला विचारूनच ठरवा. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू होत नाही.

मी स्वतः व्हिसावर असताना अनेक महिने नुसता जात होतो. पाट्या रंगवायचो, चुकलेल्या पाट्या मोजायचो, वेळ लिहून घ्यायचो. टरफलंही उचलत नव्हतो, कारण या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्यामध्ये रिकामी टरफलं आणि सुट्या गोळ्याही येतात. ग्रीन कार्ड आल्यावर पहिल्यांदा रायफल हातात घेतली, तेव्हा सगळे क्रम, सगळे दंड मला पाठ होते. ते महिने वाया गेले असं मला कधीही वाटलं नाही.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना आणू का?

अवश्य आणा. हॅट, पाणी, चष्मा, कानांचे बोळे द्या आणि मागच्या दोरीपलीकडे खुर्च्या टाका. वरचाच नियम पर्यटक व्हिसालाही लागू आहे, त्यामुळे फोटोसाठीसुद्धा त्यांच्या हातात बंदूक देऊ नका. घोडे आवडत असतील तर घोड्यावरून खेळायची वेगळी स्पर्धाही असते. तिथे गोळी नसलेली काडतुसं वापरून, जळत्या दारूच्या कणांनी फुगे फोडतात. आमच्याकडे आलेल्या सगळ्या आजी-आजोबांना तेच जास्त आवडलं.

भारतात हा खेळ आहे का?

भारतीय नेमबाजी राष्ट्रीय रायफल संघटनेच्या छत्राखाली आणि ऑलिंपिकच्या प्रकारांभोवती चालते, आणि ती वाट आपल्या मुलांसाठी उत्तम आहे. काउबॉय शूटिंगला चार बंदुका लागतात, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बाळगता येतात. त्यामुळे इथली हौस तिथे नेण्याच्या भानगडीत पडू नका. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. एअर रायफलपासून सुरुवात करा. नळी कुठे आहे याचं भान तिथेही तेवढंच पक्कं होतं.

एक रिकामं काडतूस आठवण म्हणून भारतात नेलं तर?

नेऊ नका. सामानात जिवंत काडतूस सापडलं तर मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, आणि रिकामं असलं तरी ते सिद्ध करेपर्यंत तुमचं विमान गेलेलं असतं. रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला वापरूच नका. शिलाईत, आतल्या खिशात, अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यात एखादं काडतूस अडकून राहतं आणि महिनोन्‌महिने दिसत नाही. माझी रेंजची पिशवी गॅरेजमध्ये वेगळ्या खुंटीला असते, आणि घरातल्या कुणीही ती दुसऱ्या कामाला घ्यायची नाही असं ठरलेलं आहे.